कोल्हापुरात राहायला येतोय. शहरात नवं काय होतंय, काय बघावं आणि घर कुठं घ्यावं?

बदली झाल्यामुळे तुम्ही जूनमध्ये बायकोमुलांसह कोल्हापूरला येताय. नदीकाठच्या या शहरात नवे प्रकल्प कोणते, मुलांना काय दाखवावं आणि घर कुठल्या भागात बघावं, असं तुम्ही विचारलंय. माझं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगा घाटापासून चालत पाच मिनिटांवर. त्यामुळं मी पाण्यापासूनच सुरुवात करतो.

जुलै लागला की इथं भेटेल त्याचा पहिला प्रश्न असतो, "पाणी किती फुटांवर आलं?" हे फूट म्हणजे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजलेली पाण्याची पातळी. ३९ फुटांला इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. २०१९ ला आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, आईला बोटीतून बाहेर काढावं लागलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस थांबली. दूध, भाजी, पेट्रोल सगळ्याची ओढाताण झाली. आणि चहूकडं पाणी असताना नळाला मात्र थेंब नव्हता, कारण शिंगणापूर आणि बालिंगा इथली नदीकाठची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली होती.

म्हणून कुणी विचारलं की गेल्या काही वर्षांतलं शहरातलं सगळ्यात मोठं काम कोणतं, तर मी थेट पाईपलाईनचं नाव घेतो. काळम्मावाडी धरणातून पन्नासेक किलोमीटर जलवाहिनी टाकून पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला आणलं. ते २०२३ च्या दिवाळीत पोचलं तेव्हा आमच्या गल्लीत लोक एकमेकांना फोन करून सांगत होते. पंप बंद पडतो, वाहिनीला गळती लागते, मग दोन-दोन दिवस टँकरची वाट बघायची, हे अजूनही चालतं. तरीही हे काम झालं याचा मला आनंद आहे. सांडपाण्यानं बिघडलेल्या नदीच्या पाण्यावर किती वर्षं काढली, ते आम्हालाच ठाऊक.

पुलांचंही तसंच. घाटाजवळचा शिवाजी पूल १८७०च्या दशकातला, ब्रिटिश काळातला. शेजारचा पर्यायी पूल परवानग्यांत वर्षानुवर्षं अर्धवट लटकला होता. जानेवारी २०१८ मध्ये जुन्या पुलाचा कठडा तोडून एक मिनीबस नदीत कोसळली, १३ माणसं गेली. त्यानंतर आंदोलनं झाली आणि पुढच्या वर्षी नवा पूल खुला झाला. शहरात शिरताना पूर आडवा येऊ नये म्हणून बास्केट ब्रिजची पायाभरणी २०२३ ला झाली. महामार्गाचं सहापदरीकरण चाललंय. त्यात शिरोलीजवळ मातीचा भराव नको, खांबांवरचा पूल हवा, ही इथल्या लोकांची मागणी मला शंभर टक्के पटते. भराव म्हणजे नदीच्या वाटेत घातलेला बांधच. मागं तुंबलेलं पाणी जाणार कुठं? आमच्या घरात.

बाकीचं थोडक्यात सांगतो. उजळाईवाडी विमानतळाचं नवं टर्मिनल मार्च २०२४ पासून आहे. पुण्याला वंदे भारत जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे इथंच खटले ऐकणारं खंडपीठ, सुरू झालं. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी किती वर्षं लढा दिला, ते बघितलेल्या माणसाला त्याची किंमत कळते. शेंडा पार्कात ११०० खाटांच्या रुग्णालयाचं काम हाती घेतलंय. अंबाबाई मंदिर परिसरासाठी सुमारे १४४५ कोटींचा आराखडा मंजूर आहे. मंदिराच्या आवारात गाडलं गेलेलं मणिकर्णिका कुंड खोदून मोकळं केलं, ते मुलांना जरूर दाखवा.

मुलांना रंकाळा तलावावर संध्याकाळी न्या. चौपाटी, भेळ, पलीकडं शालिनी पॅलेस. पाण्यातला दगडी संध्यामठ पावसाळ्यात बुडतो आणि उन्हाळ्यात उघडा पडतो. जूनमध्ये लवकर आलात तर उघडाच दिसेल. काठावर दिवे लागले, फिरायला चांगला रस्ता झाला, गर्दी वाढली. पण तळ्यात मिसळणारं सांडपाणी पूर्ण थांबत नाही तोवर या रोषणाईनं माझं समाधान होत नाही. केंदाळ (जलपर्णी) वाढलं की वासावरूनच कळतं. राजाराम तलावाकाठी कन्व्हेन्शन सेंटर करायचं ठरलं तेव्हा गावात विरोध झाला तो याच भीतीपोटी. मीही विरोध करणाऱ्यांत होतो. एवढी मोठी इमारत उंच माळावरही उभी राहू शकते, तलाव काही दुसरीकडं नेता येत नाही.

एक जागा मात्र आताच बघून ठेवा, ती म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं, शेजारी खासबागचं कुस्तीचं मैदान. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती. मी त्या रात्री रस्त्यावर उभा होतो. म्हातारे नट, पेटीवाले, साधे प्रेक्षक, सगळे रडत होते. माझ्या वडिलांनी मला पहिलं नाटक तिथंच दाखवलं होतं. आता ते पुन्हा उभारायचं काम चाललंय, ते मूळ रूपातच व्हावं असा गावाचा आग्रह आहे. काम पुरं झाल्यावर पहिल्या दिवशी मी तिथं असणार.

आता घराचं. स्वस्तात मिळतंय म्हणून सुतारवाडा, जामदार क्लब, शाहूपुरी कुंभार गल्ली, बापट कॅम्प, रमणमळा किंवा नागाळा पार्कच्या खालच्या बाजूला घाईनं व्यवहार करू नका. नदी चढली की जयंती नाल्यातून पाणी उलटं शहरात शिरतं, हे नदीपासून लांब राहणाऱ्यालाही चुकत नाही. निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे नेहमीचा आणि क्वचितचा मोठा पूर कुठवर येतो त्या रेषा, नकाशात बघून घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा, "२०१९ ला पाणी कुठवर आलतं?" तो भिंतीवर बोट ठेवून दाखवेल. राजारामपुरीचा वरचा भाग, सम्राटनगर, जवाहरनगर उंचावर आहे. आर. के. नगर, पाचगावही उंच, पण १९७२ ला महापालिका झाल्यापासून हद्दवाढ रखडलेली, त्यामुळं हे भाग ग्रामपंचायतीत राहिलेत. तिथं नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते आधी शेजाऱ्यांकडून जाणून घ्या.

मुलांची शाळा कुठल्या बाजूला ठरली ते कळवा, त्यावरून जवळची गल्ली सांगता येईल. आणि आल्यावर रात्री एकदा गंगावेशीत या, समोर म्हैस पिळून दूध देतात. मी बहुतेक तिथंच असतो.