अमेरिकेत सामान्य नागरिकाने सुचवलेली सुधारणा कधी प्रत्यक्षात येते का?

प्रश्न विचारणारे एडिसनला, न्यू जर्सीत राहतात. गेल्या वर्षी नागरिक झाले. अमेरिकेच्या सरकारात आणि अर्थव्यवस्थेत काय काय बदलायला हवं याची बारा कलमं त्यांनी लिहून काढली आहेत: खासदारांना मुदतीची मर्यादा, इलेक्टोरल कॉलेज (राष्ट्राध्यक्ष निवडणारं राज्यांच्या प्रतिनिधींचं मंडळ) रद्द, किमान वेतनात वाढ, सोपी करपद्धत, वगैरे. ती कुणाला पाठवावीत आणि साध्या माणसाचं इथे कुणी ऐकतं का, असं त्यांना विचारायचंय.

ऐकतं. पण बारा कलमं ऐकायला कुणाला सवड नाही. तुमच्या सिनेटरना यादी पाठवलीत तर आभाराचं छापील पत्र येईल आणि विषय तिथेच संपेल. एकच कलम घ्या, ते कायद्याच्या भाषेत लिहून घ्या, आणि अनोळखी माणसासमोर पेन धरून उभे राहा. हे मी ठासून सांगतेय, कारण याच विषयावर आमच्या घरात २०१७ पासून वाद चालू आहे आणि तुमचा प्रश्न वाचल्यावर मला गप्प बसवेना.

आम्ही मिशिगनमध्ये, फार्मिंग्टन हिल्सला राहतो. मी २०१३ साली नागरिक झाले. तेव्हा आमचा काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, मतदारसंघ होता चौदावा. नकाशात तो डेट्रॉइटपासून निघून, वळसे घेत, साउथफील्ड, आमचं गाव असं करत पार पाँटिअ‍ॅकपर्यंत पसरलेला दिसायचा. शेजारचं नोव्हाय अकराव्यात. असं का, तर मिशिगनमध्ये मतदारसंघांच्या रेषा विधिमंडळातला बहुमतवाला पक्षच आखायचा. भारतात निदान परिसीमन आयोग तरी असतो. इथे ज्याला निवडून यायचंय त्याच्याच हातात पेन्सिल.

नोव्हेंबर २०१६ च्या निवडणुकीनंतर दोन दिवसांनी केटी फाही नावाच्या २७ वर्षांच्या मुलीने फेसबुकवर दोन ओळी टाकल्या: मला मिशिगनमधलं जेरीमँडरिंग (आपल्या पक्षाच्या सोयीने मतदारसंघांच्या रेषा वळवणं) थांबवायचंय, कुणाला यायचं असेल तर सांगा. ना पक्ष, ना पद, ना पैसा. त्या दोन ओळींतून 'व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स' ही संघटना उभी राहिली. पुढे ३३ दिवसांत ३३ सभा झाल्या. त्यातल्या एका सभेला मी गेले आणि येताना नाव नोंदवून आले.

आमच्या धाकट्या भावजींना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, आपण इथे पोट भरायला आलो. कागद घेऊन दारोदार फिरणं हे आपलं काम नाही." मी विचारलं, मग कुणाचं? त्यावर म्हणाले, "आणि समजा झाल्या सह्या, तरी शेवटी ज्याच्याकडे पैसा त्याचंच चालतं. बघाल तुम्ही."

रेषा आखायचं काम विधिमंडळाकडून काढून नागरिकांच्या आयोगाकडे द्यायचं, अशी राज्याची घटनादुरुस्ती आम्हाला हवी होती. ती मतपत्रिकेवर यायला ३,१५,६५४ वैध सह्या लागणार होत्या, त्याही १८० दिवसांच्या आत. पैसे देऊन माणसं लावायची नाहीत, सगळे स्वयंसेवक, असं ठरलं. ऑगस्टमध्ये आमच्या ह्यांनी गॅरेजमधल्या जुन्या फडताळाची फळी कापून मला पाटी करून दिली. वर कागद धरायला चाप, खाली दोरीने बांधलेलं पेन, आणि मागच्या बाजूला चौदाव्या मतदारसंघाचा रंगीत नकाशा चिकटवलेला. नकाशाची कल्पना फार उपयोगी ठरली. फार्मिंग्टनच्या शनिवारच्या बाजारात एक निवृत्त कामगार आले, चाळीस वर्षं कारच्या असेंब्ली लाइनवर काढलेले. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं आणि डेट्रॉइटपासून हळूहळू सगळी कड फिरवत आणली. म्हणाले, "माझी बहीण माझ्यापासून दहा मिनिटांवर राहते आणि तिचा खासदार वेगळा, याचं कारण मला आज समजलं." मी जेरीमँडरिंग हा शब्द उच्चारलाही नव्हता.

त्याच महिन्याच्या अखेरीस गणपती. आमच्या मंडळाचा उत्सव नोव्हायला, भाड्याच्या हॉलमध्ये. चपलांच्या रॅकशेजारी मी छोटं टेबल मांडलं. खजिनदार धावत आले, मंडळ धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं आहे, इथे राजकारण नको म्हणाले. उमेदवाराचा प्रचार चालत नाही हे खरं, पण हा उमेदवारच नव्हता, आणि हे त्यांना मी त्यांच्याच नियमावलीतून दाखवलं. तरी टेबल दाराबाहेर न्यावं लागलं. तिथे मला पहिल्यांदा कळलं की आपल्या समाजात सही करू शकणारे किती थोडे. एचवनबी वाले नाही, ग्रीनकार्ड वाले नाही, फक्त नोंदणी केलेले मतदार. तीन तासांत ३१ सह्या झाल्या.

घरी येऊन कागद तपासते तर सात सह्या वाया. कागद काउंटीवार, म्हणजे जिल्हावार, असतात. नोव्हाय ओकलंड काउंटीत, पण कँटनचे लोक वेन काउंटीतले, आणि गर्दीत त्या सात जणांनी ओकलंडच्या कागदावर सह्या केल्या होत्या. चूक माझी, मी प्रत्येकाला काउंटी विचारायला हवी होती. त्या रात्री सातही ओळी मी रेघ मारून खोडल्या. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर, पत्ते कागदावर होतेच, ते घेऊन कँटनला गेले आणि सातही घरांची बेल वाजवली. एका घरी बाळ नुकतंच झोपलेलं, तर सही पोर्चमधल्या दिव्याखाली झाली. एका घरी परत जेवायलाच बसवलं. सहा सह्या मिळाल्या, सातवे गृहस्थ कामासाठी परगावी होते.

भावजींचं घर कँटनलाच. शेवटी तिथे गेले. त्यांनी हॉलमध्येही सही केली नव्हती. पुन्हा विचारलं. "वहिनी, आग्रह करू नका. कंपनीतल्या कुणी उद्या माझं नाव बघितलं तर?" कुणी बघणार नव्हतं आणि बघितलं असतं तरी काही बिघडलं नसतं, कारण प्रत्येक पक्षाचे लोक सह्या करत होते. मी पाटी उचलली आणि निघाले. तेवढ्यात जाऊबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. ओले हात ओट्याजवळच्या फडक्याला पुसले, माझ्या हातातली पाटी घेतली, फ्रिजला टेकवली आणि उभ्या उभ्या नाव, पत्ता, तारीख सगळं लिहिलं. शेवटचं अक्षर पाण्याने जरा फुटलं. भावजी टीव्हीकडे बघत होते. वेनच्या कागदावरची ती सातवी सही.

तो सीझन संपेपर्यंत माझ्या पाटीवर ४१२ सह्या झाल्या. राज्यभरात मिळून सव्वाचार लाखांहून अधिक. १८ डिसेंबर २०१७ ला पेट्या राज्याच्या राजधानीत, लॅन्सिंगला जमा झाल्या. विरोधक कोर्टात गेले. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ जुलै २०१८ ला ४ विरुद्ध ३ मतांनी प्रस्ताव मतपत्रिकेवर राहू दिला. नोव्हेंबरमध्ये प्रस्ताव क्रमांक २ ला ६१ टक्के मतं पडली. आता रेषा आखतो तेरा नागरिकांचा आयोग: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठल्याच पक्षाचे नसलेले. राजकारणी, लॉबीवाले आणि त्यांच्या जवळच्या नातेवाइकांना मज्जाव. २०२० मध्ये ९,००० हून अधिक अर्ज आले आणि निवड सोडत काढून झाली. २०१८ मध्ये जुन्या नकाशावर राज्याच्या हाउससाठी (विधिमंडळाच्या खालच्या सभागृहासाठी) डेमोक्रॅट्सना जास्त मतं मिळूनही जागा ५२ विरुद्ध ५८ अशा कमीच मिळाल्या होत्या. २०२२ मध्ये नव्या नकाशावर ज्याला मतं जास्त त्याला जागा जास्त, ५६ विरुद्ध ५४. मला कोणता पक्ष जिंकला याच्याशी घेणंदेणं नाही. उद्या उलट झालं तरी चालेल, पण मतांप्रमाणे व्हावं.

आता तुमच्या कलमांकडे. सगळी घेत नाही.

खासदारांना मुदतीची मर्यादा राज्य पातळीवर घालता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ५ विरुद्ध ४ ने ते दार बंद केलंय, त्यामुळे संघराज्याची घटनाच बदलावी लागेल. आणि माझं मत विचाराल तर ही कल्पना ऐकायला गोड आणि परिणामी वाईट आहे. मिशिगनने १९९२ मध्ये आपल्या आमदारांना ती लावली, हाउसमध्ये सहा वर्षं, सिनेटमध्ये आठ. आमदाराला अर्थसंकल्प कळू लागेपर्यंत त्याची जायची वेळ, आणि अनुभव कुणाकडे उरला तर लॉबीवाल्यांकडे. २०२२ मध्ये मतदारांनीच ती बदलून एकूण बारा वर्षं केली.

इलेक्टोरल कॉलेज रद्द करायचं तर तीन चतुर्थांश राज्यं लागतात. त्यापेक्षा राज्याराज्यांमधल्या करारावर मेहनत घ्या: देशभरात ज्याला जास्त मतं, त्याला आपले प्रतिनिधी द्यायचे. तुमचं न्यू जर्सी त्यात आधीपासून आहे. करारातल्या राज्यांचे मिळून २७० प्रतिनिधी, म्हणजे बहुमत, झालं की करार लागू होईल.

किमान वेतनाचं कलम सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्यातली ठेच आम्ही खाल्ली आहे. संघराज्याचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकलंय. २०१८ मध्ये मिशिगनच्या नागरिकांनी सह्या गोळा करून २०२२ पर्यंत १२ डॉलरचा कायदा मांडला. विधिमंडळाने काय केलं? लोकांनी मत देण्याआधी सप्टेंबरमध्ये तो स्वतःच मंजूर केला, आणि निवडणूक झाल्यावर डिसेंबरमध्ये साध्या बहुमताने त्याची मोडतोड करून १२ डॉलर २०३० पर्यंत ढकलले. वेटरचं काम करणाऱ्या, टिपवर जगणाऱ्या लोकांचा हक्क तर जवळपास काढूनच घेतला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही चलाखी घटनाबाह्य ठरवली ती जुलै २०२४ मध्ये. सहा वर्षं लोकांच्या पगारातून गेली. आमचा २०१८ चा प्रस्ताव टिकला, कारण तो साधा कायदा नव्हता, घटनादुरुस्ती होती. विधिमंडळाला तिला हात लावता येत नाही. अर्थव्यवस्थेचं कुठलंही कलम घ्या, पण आधी सरकारने ते परत मोडू नये याची सोय बघा.

राहिली गोष्ट पैशाची. निकालानंतरच्या दिवाळीच्या फराळाला भावजी म्हणाले, "शेवटी बाहेरच्या श्रीमंतांच्या पैशानेच जिंकलात ना?" हे अर्धं खरं आहे आणि मी लपवणार नाही. २०१८ मध्ये टीव्हीवरच्या जाहिरातींसाठी राज्याबाहेरून लाखो डॉलर आले. पण तो मोठा पैसा आला तेव्हा सव्वाचार लाख सह्या लॅन्सिंगला पोचल्या होत्या. सह्या नसत्या तर पैशाला जाहिरात करायला काही नव्हतं. हे मी त्यांना त्या दिवशी बोलले नाही, घरात पाहुणे होते. आज इथे लिहितेय.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर तुमची दिशाभूल होईल. डिसेंबर २०२३ मध्ये संघराज्याच्या न्यायाधीशांनी आमच्या आयोगाने आखलेले डेट्रॉइट भागातले तेरा मतदारसंघ रद्द केले, वंशाच्या आधारावर रेषा ओढल्या म्हणून. ते पुन्हा आखावे लागले. डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय मतदारांची तक्रार रास्त होती आणि आमच्यापैकी अनेकांनी ती वेळेवर ऐकली नाही. दुसरं, कॅलिफोर्नियात असाच नागरिक आयोग आहे, आणि २०२५ मध्ये टेक्सासने नकाशे फिरवल्यावर कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच आपल्या आयोगाचे काँग्रेसचे नकाशे तात्पुरते बाजूला ठेवले. मला ते पटलेलं नाही.

आणि सगळ्यांत मोठी अडचण तुमचीच आहे. न्यू जर्सीत नागरिकांनी सह्या गोळा करून राज्याचा कायदा किंवा घटनादुरुस्ती मतपत्रिकेवर आणण्याची सोय नाही. अशी सोय साधारण निम्म्या राज्यांतच आहे, देशपातळीवर तर नाहीच. पण एडिसनमध्ये टाउनशिपच्या पातळीवर फॉकनर कायद्याखाली (गावांच्या कारभाराचा न्यू जर्सीचा कायदा) नागरिकांना स्थानिक नियमासाठी सह्यांचा अर्ज करता येतो. किती सह्या, कोणता नमुना, हे टाउनशिपच्या क्लार्ककडे विचारा आणि छापण्याआधी मसुदा वकिलाकडून वाचून घ्या.

तेवढ्यावर मन भरत नसेल तर ग्रेगरी वॉटसनचं नाव शोधा. टेक्सास विद्यापीठातला विद्यार्थी. १९८२ मध्ये त्याने निबंध लिहिला की खासदारांची पगारवाढ पुढच्या निवडणुकीनंतरच लागू व्हावी ही १७८९ ची दुरुस्ती अजून जिवंत आहे. बाईंनी सी ग्रेड दिला. त्याने राज्याराज्यांच्या आमदारांना पत्रं लिहायला सुरुवात केली आणि दहा वर्षं लिहीत राहिला. १९९२ मध्ये ती सत्ताविसावी घटनादुरुस्ती झाली. ७ मे १९९२ या एकाच दिवशी माझ्या मिशिगनने आणि तुमच्या न्यू जर्सीने तिला मान्यता दिली होती. त्याच्याकडेही कलम एकच होतं. तुम्ही बारांतलं कोणतं निवडताय ते खाली कळवा, मसुदा वाचून द्यायला मी तयार आहे.