कंट्रोल-एस दाबताच स्क्रीन थिजते

प्रश्न : पुट्टी या प्रोग्रामवरून ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करून मी व्हिम या एडिटरमध्ये फाइली दुरुस्त करतो. सवयीने कंट्रोल-एस दाबलं जातं आणि सगळं ठप्प होतं. खिडकी बंद केली की काम वाया जातं. काय करावं? (वाचक, नाशिक)

उत्तर : कंट्रोल-क्यू दाबा, एवढंच. कंट्रोल-एस म्हणजे ‘पाठवणं थांबव’, कंट्रोल-क्यू म्हणजे ‘चालू कर’ हा टेलिप्रिंटरच्या जमान्यातला संकेत लिनक्सचं टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) आजही पाळतं. यात थांबतं ते पडद्यावर येणं. तुम्ही दाबलेल्या कळा सर्व्हरवर रांगेत उभ्या राहतात आणि कंट्रोल-क्यूनंतर एकदम फाइलवर कोसळतात. म्हणून थिजल्यावर वैतागून कीबोर्ड बडवू नका.

नव्या व्हिममध्ये हा त्रास सहसा होत नाही, नॅनो या दुसऱ्या एडिटरच्या नव्या आवृत्तीत तर कंट्रोल-एसने खरंच सेव्ह होतं. पण जुन्या सर्व्हरवर व्हिमही जुनंच असतं. कायमचा उपाय म्हणजे होम फोल्डरमधल्या ‘.बॅशआरसी’ या सेटिंगच्या फाइलच्या शेवटी ‘एसटीटीवाय -आयएक्सओएन’ ही ओळ लहान इंग्रजी अक्षरांत लिहून पुन्हा लॉगिन करा. शेवटीच लिहा: उबंटू या लिनक्सच्या प्रकारात त्या फाइलच्या सुरुवातीला ‘समोर माणूस आहे का’ ही तपासणी असते, तिच्या आधी ओळ आली तर फाइल कॉपी करताना नसते एरर येतात.

कंट्रोल-क्यूनेही हललं नाही, तर बहुधा कनेक्शन मेलंय. मग खिडकी बंद करा, लॉगिन करून ‘व्हिम -आर’ (हेही लहान अक्षरांत) आणि फाइलचं नाव द्या. व्हिम काम चालू असताना आपोआप ठेवतं त्या स्वॅप फाइलमधून बरंचसं काम परत मिळतं.

प्रश्न : लाइन संथ असताना लांबलचक कमांडमधली चूक बाणाच्या कळांनी गाठताना जीव जातो. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बाण सोडा. कंट्रोल-ए ओळीच्या सुरुवातीला नेतं, कंट्रोल-ई शेवटाला. एस्केप दाबून सोडा, मग बी : एक शब्द मागे; एफ : एक शब्द पुढे. (ऑल्टनेही होतं, पण काही टर्मिनलांत ऑल्टने मेनूच उघडतो.) कंट्रोल-यू कर्सरआधीचं सगळं कापतं, कंट्रोल-के पुढचं, कापलेलं कंट्रोल-वायने परत चिकटतं.

कंट्रोल-डब्ल्यू मागच्या रिकाम्या जागेपर्यंतचं खोडतं, म्हणजे फाइलचा अख्खा पाथ (फोल्डरांसकट पत्ता) उडतो. शेवटचाच तुकडा काढायचा तर एस्केप, मग बॅकस्पेस. ब्राउझरमधल्या टर्मिनलात तर कंट्रोल-डब्ल्यूच्या वाटेला जाऊच नका, टॅबच बंद होतो.

फारच गुंता असेल, तर कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ई : कमांड एडिटरमध्ये उघडते. मात्र सेव्ह करून बाहेर पडताच ती चालते. विचार बदलला, तर सगळा मजकूर पुसून सेव्ह करा आणि मगच बाहेर पडा.

एका लॉगिनमध्ये अनेक टर्मिनल चालवणारा ‘स्क्रीन’ हा प्रोग्राम वापरणाऱ्यांना कंट्रोल-ए चालत नाही, कारण ती कळ तो स्वतःकडे ठेवतो. त्यांनी कंट्रोल-ए दाबून नंतर नुसता ए दाबावा.