ट्यूबलाइट फुटली, म्हणून पोलीस?

प्रश्न : आमच्या बालगृहातल्या चौदा वर्षांच्या मुलानं ट्यूबलाइट फोडली, काळजीवाहकांना ढकललं. पोलिसांत तक्रार द्यावी का?
— एक अधीक्षक

उत्तर : देऊ नका. तुमच्या पोटच्या पोरानं ट्यूब फोडली असती तर तुम्ही ठाण्यात गेला असतात का? रागावला असतात, आणि रात्री जवळ बसवून विचारलं असतंत, "काय झालं होतं रे?" या मुलाला बालकल्याण समितीनं तुमच्याकडे पाठवलं ते सांभाळायला. तुमच्या एका अर्जानं तोच 'विधीसंघर्षग्रस्त', म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल होऊन, अशा मुलांची प्रकरणं ऐकणाऱ्या बालन्याय मंडळापुढे उभा राहील. अशाच एका मुलाला मी मंडळाबाहेरच्या बाकावर विचारलं होतं. खाली बघत म्हणाला, "भेटीचा रविवार होता. मामा येतो म्हणाला, आला नाही." त्याच्याबद्दलच्या तक्रारीत नुकसानीची रक्कम होती, मामाचा उल्लेख कुठेच नव्हता.

प्रश्न : तक्रार आधीच गेली असेल तर?

उत्तर : मुलाबरोबर स्वतः जा, त्याला एकट्याला पाठवू नका. बालन्याय कायद्याखालच्या 2016 च्या केंद्रीय आदर्श नियमांप्रमाणे किमान शिक्षाच 7 वर्षांची किंवा त्याहून जास्त असलेला गुन्हा, किंवा प्रौढांसोबत केलेला गुन्हा, एवढ्यासाठीच एफआयआर. बाकी सगळ्यासाठी स्टेशन डायरीत नोंद आणि मंडळाला सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल. कोठडी नाही, बेड्या नाहीत. त्या मामासारखी गोष्ट असेल तर ती त्या अहवालात यायलाच हवी, ती तुम्हीच सांगा.

प्रश्न : बालगृहातून मुलगी पळाली. हा गुन्हा धरतात का?

उत्तर : नाही. पोलिसांना तातडीनं कळवा, पण ती हरवली आहे म्हणून. सापडल्यावर समितीपुढे न्या. ती का पळाली, हे मात्र संस्थेबाहेरच्या माणसानं विचारावं. आत मारहाण होत असेल तर गुन्हेगार ती नव्हे. बालन्याय कायद्याच्या कलम 75 प्रमाणे संस्थेतल्या माणसाला 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रश्न : मी बालगृहात वाढलो. सोळाव्या वर्षी मारामारीची केस झाली, मंडळानं निकाली काढली. आता नोकरीत आडवी येईल का?

उत्तर : येता कामा नये. कलम 24 प्रमाणे अशा प्रकरणाची अपात्रता लागत नाही, आणि कलम 74 प्रमाणे निकाली प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायची नाही. मंडळाच्या आदेशाची प्रत काढून जवळ ठेवा. दाखला अडवला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथे पात्र असाल तर वकील मोफत मिळतो.