वाचकांचे प्रश्न : चौदा फ्रेम की तीस?

प्रश्न : मी बारा वर्षांपासून सोलापुरात लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. अलीकडे शालेय क्रीडास्पर्धा, रात्रीचे कबड्डीचे सामने आणि तालुक्यातील कुस्त्यांची मैदाने अशी कामेही मिळू लागली आहेत. गड्डा यात्रेतील नंदीध्वजांची, म्हणजे उंच मानाच्या काठ्यांची, मिरवणूक तर दरवर्षीचीच. माझ्याकडे कॅननची जुनी 70-200 मिमी एफ/2.8 लेन्स आहे. पुण्यातील एक परिचित आपला कॅनन वन-डी एक्स मार्क टू विकत आहेत आणि जवळपास तेवढ्याच पैशांत नवा आर 7 मिळतो. जुना सेकंदाला 14 फ्रेम, म्हणजे छायाचित्रे, देतो, नवा 30. दुप्पट वेग सोडून जुना कॅमेरा कोण घेतो, असे दुकानदार म्हणतात. दोन्ही कॅमेरे तपासायला दोन दिवस हातात मिळणार आहेत. नेमके काय तपासावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुकानदार सांगतात तो आकडा खोटा नाही, पण तो अर्धवट आहे. आर 7 सेकंदाला 30 फ्रेम काढतो तो इलेक्ट्रॉनिक शटरवर, म्हणजे पडदा न हलवता, चित्र टिपणाऱ्या सेन्सरच्या बळावर. यांत्रिक शटरवर त्याचा वेग 15 फ्रेम आहे, म्हणजे 2016 साली आलेल्या वन-डी एक्स मार्क टूपेक्षा फक्त एक फ्रेम जास्त. तेव्हा आपली तुलना 14 आणि 30 यांची नसून, ते 30 फ्रेमचे शटर आपल्या कामात चालेल का, एवढीच आहे.

ते पाहायला स्टेडियमवर जाण्याची गरज नाही. घरातला छताचा पंखा पूर्ण वेगाने फिरू द्या आणि 1/2000 च्या शटरवेगाने त्याचे एक छायाचित्र आर 7 च्या इलेक्ट्रॉनिक शटरवर, एक यांत्रिक शटरवर काढा. पहिल्यात पाती कोयत्यासारखी वाकलेली दिसतील. शटरवेग कितीही जास्त ठेवला तरी या कॅमेऱ्याचा सेन्सर पूर्ण चित्र ओळीओळीने वाचायला सेकंदाचा जवळपास तिसावा भाग घेतो, आणि तेवढ्या वेळात पाते पुढे सरकलेले असते. पंख्याच्या जागी फिरती लाठी किंवा क्रिकेटची बॅट कल्पून पाहा. यात्रेत तर गंमत आणखी वेगळी होते : मिरवणुकीबरोबर कॅमेरा आडवा फिरवत टिपलेला सरळसोट नंदीध्वज चित्रात तिरका येतो, आणि ज्या मानकऱ्याने तो तोल सांभाळत पेलला आहे त्याला ते छायाचित्र दाखवण्याची हिंमत आपल्याला होणार नाही. सेन्सर फार झपाट्याने वाचणाऱ्या किंवा सोनी ए 9 थ्रीसारख्या संपूर्ण चित्र एकाच क्षणी टिपणाऱ्या कॅमेऱ्यांत हा दोष नगण्य असतो किंवा नसतोच. पण त्यांची किंमत आपल्या प्रश्नाच्या बाहेरची आहे.

आता वेगाच्या आकड्याकडे वळू. मैदानावरचा मुलगा सेकंदाला 7 मीटर धावतो असे धरले, तर 14 फ्रेमच्या वेगात दोन छायाचित्रांच्या मध्ये तो अर्धा मीटर पुढे जातो आणि 30 फ्रेमच्या वेगात साधारण 23 सेंटिमीटर. फरक आहे, आणि शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर तो दिसतोही. मात्र ताशी 130 किलोमीटर वेगाचा चेंडू 30 फ्रेमच्या वेगातही दोन चित्रांत सव्वा मीटर पळतो, त्यामुळे चेंडू बॅटला लागतानाचा क्षण बोट दाबून धरल्याने मिळेलच असे नाही. तो खेळाच्या अंदाजावरच मिळतो. शिवाय कबड्डीच्या एका सामन्यात साठ चढाया झाल्या आणि प्रत्येक चढाईत आपण तीन सेकंद बटण दाबले, तर 14 च्या वेगाने अडीच हजार आणि 30 च्या वेगाने 5400 छायाचित्रे होतात. सामना रात्री दहाला संपतो आणि आयोजकांना निवडक छायाचित्रे त्याच रात्री व्हॉट्सॲपवर हवी असतात, हे आपण जाणताच.

म्हणून सगळ्यांत जास्त वेळ फोकसच्या परीक्षेला द्या. पार्क मैदानावर सकाळी धावायला येणाऱ्या एखाद्या मुलाला विनंती करून चाळीस मीटरवरून थेट आपल्याकडे, अगदी पाच मीटरपर्यंत, धावत यायला सांगा. लेन्स तीच, एफ/2.8 वर उघडी, शटर 1/1000, फोकस एआय सर्व्होवर (आर 7 मध्ये नुसते सर्व्हो), म्हणजे हलत्या माणसाचा सतत माग काढणारा, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोट उचलायचे नाही. प्रत्येक कॅमेऱ्यावर अशा तीन फेऱ्या घ्या. नंतर संगणकावर पूर्ण आकारात पाहताना डोळ्यांची पापणी स्पष्ट दिसते ती फ्रेम पास, नुसता जर्सीवरचा क्रमांक स्पष्ट असेल तर नापास. एकूण किती पास झाल्या हे मोजाच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे नापास फ्रेम कुठे पडल्या ते पाहा. इथे तिथे एखादी हुकली तर बिघडत नाही. शेवटच्या दहा मीटरमध्ये सलग सहा हुकल्या, तर तो कॅमेरा नेमका पकडीच्या वेळी दगा देणार. जुन्या कॅमेऱ्यात सगळ्याच फ्रेमचा फोकस सारखाच थोडा मागे किंवा पुढे पडत असेल, तर लगेच नापसंत करू नका. मेनूतील एएफ मायक्रोॲडजस्टमेंटने लेन्स आणि बॉडी जुळवून पुन्हा पाहा.

यानंतर दोन मुलांना मधून आडवे जायला सांगा. कबड्डीत चढाईपटूच्या आणि आपल्या मध्ये कोणाची तरी पाठ येतेच, आणि फोकस त्या पाठीवर उडी मारतो की मूळ माणसाला धरून राहतो, हे तेव्हाच कळते. इथे आर 7 चे पारडे जड होऊ शकते, कारण तो माणूस, चेहरा आणि डोळा ओळखून जवळपास संपूर्ण चौकटीत माग काढतो. वन-डी एक्सचे 61 फोकसबिंदू मात्र मधल्या भागातच दाटलेले आहेत. निष्पक्षपणे सांगायचे तर चौकटीच्या कडेला असलेल्या खेळाडूसाठी नवा कॅमेरा सोयीचा आहे.

दिव्यांखाली मात्र चित्र पालटते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने मैदानावरचे अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात, आणि 1/1000 वर काढलेल्या सलग चित्रांत एक उजळ, एक काळवंडलेले, एकात मधोमध पिवळट पट्टा असा प्रकार होतो. दोन्ही कॅमेऱ्यांत यावर अँटी-फ्लिकरची सोय आहे. ती चालू करून सामन्याच्याच मैदानावर पांढऱ्या भिंतीचे तीस फ्रेम काढा आणि शेजारी शेजारी ठेवून पाहा. वेग थोडा घटेल, तो घटू द्या. इलेक्ट्रॉनिक शटरवर एलईडी दिव्यांचे पट्टे बहुधा उरतीलच, म्हणजे 30 फ्रेमचा वेग रात्री पुन्हा हातचा गेला.

उरला आयएसओचा, म्हणजे प्रकाशाच्या संवेदनशीलतेचा, प्रश्न. रात्रीच्या सामन्यात 1/800 आणि एफ/2.8 साठी 6400 आयएसओ लागणे नेहमीचे आहे. वन-डी एक्सचा पूर्ण आकाराचा सेन्सर क्षेत्रफळाने आर 7 च्या सेन्सरच्या अडीच पटीहून मोठा आहे आणि त्यावर 20 मेगापिक्सेल आहेत; आर 7 च्या लहान सेन्सरवर साडेबत्तीस. 6400 वर काढलेला चेहरा दोन्हीकडून बारा बाय अठरा इंचाच्या कागदावर छापून घ्या. पडद्यावर डोळे फसतात, छापील कागदावर फसत नाहीत.

बफरची, म्हणजे कार्डावर जाण्याआधी छायाचित्रे धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, परीक्षा दोन मिनिटांची आहे : रॉ (प्रक्रिया न केलेली मोठी फाइल) निवडून बटण दाबून धरा आणि वेग कधी कोलमडतो ते मोजा. आर 7 काही सेकंदांतच दमतो. वन-डी एक्स सीफास्ट कार्डावर 170 रॉ फ्रेमपर्यंत, म्हणजे बारा सेकंद, चालतो. दुसऱ्या खोबणीतील साध्या कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर पुष्कळ कमी. एका कुस्ती मैदानावर मी स्वतः पैलवानांच्या खडाखडीतच बफर भरून बसलो होतो, आणि धोबीपछाड पडली तेव्हा कॅमेऱ्याचा लाल दिवा तेवढा चमकत होता. विक्रेत्याकडून सीफास्ट कार्डे आणि रीडर सौद्यातच मागून घ्या, कारण ती कार्डे आता दुकानात सहज मिळत नाहीत.

जुन्या बॉडीची तब्येतही पाहावी लागेल. तिच्या मेनूत सिस्टीम स्टेटस डिस्प्ले आहे, त्यात शटर किती वेळा चालले ते हजारांच्या टप्प्याने दिसते. त्या शटरची चाचणी कंपनीने 4 लाख वेळांपर्यंत केलेली आहे. दीड-दोन लाखांपर्यंत मी निश्चिंत असेन, तीन लाखांपुढे नवे शटर बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगेन. बॅटरीच्या माहितीत रिचार्ज परफॉर्मन्सच्या तीन हिरव्या पट्ट्या दिसायला हव्यात.

सोलापूरचे ऊनही विसरू नका. पुस्तिकेत आर 7 ची मर्यादा 40 अंश आणि वन-डी एक्सची 45 अंश दिलेली आहे, आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो. काळी बॉडी फेऱ्यांच्या मध्ये पांढऱ्या पंच्याखाली ठेवावी. वजनाचा हिशेब वेगळा : वन-डी एक्स बॅटरीसह दीड किलो, आर 7 सहाशे ग्रॅमच्या आसपास.

आपण दिलेल्या कामांची यादी पाहता, शटरचा आकडा बरा निघाला तर मी वन-डी एक्स घेईन. उद्या नान्नजच्या माळरानावर दिवसाउजेडी काळवीट टिपण्याचे काम वाढले, तर मात्र आर 7 चा लहान सेन्सर आपल्या 200 मिमीला 320 मिमीचा पल्ला देईल, आणि मग माझे उत्तर बदलेल. आपली जुनी लेन्स आर 7 वर बसवायला, चाचणीच्या वेळीही, ईएफ लेन्सचा ॲडाप्टर लागतो, त्याची किंमत दुकानदारांना आत्ताच विचारून ठेवा.