वाचकांचे प्रश्न : ‘अर’ केव्हा आणि ‘मोअर’ केव्हा?

प्रश्न : आमची मुलगी मराठी प्राथमिक शाळेतून चौथी उत्तीर्ण होऊन यंदा पाचवीसाठी इंग्रजी माध्यमात गेली आहे. ती ‘मोअर टॉलर’, ‘मोअर बेटर’ असे लिहिते आणि कधी नुसतेच ‘टॉल दॅन मी’ असेही लिहिते. तुलना करताना विशेषणाला ‘अर’ केव्हा लावावा आणि ‘मोअर’ केव्हा वापरावे? शिवाय एका इंग्रजी गोष्टीत ‘मोअर सॅड दॅन अँग्री’ असे छापले आहे. ते चूक म्हणावे का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : तुमच्या मुलीच्या दोन्ही प्रकारच्या चुका एकाच ठिकाणी उगम पावतात, म्हणून नियमाआधी ते ठिकाण पाहू. ‘तो माझ्यापेक्षा उंच आहे’ या वाक्यात तुलनेचा सारा भार ‘पेक्षा’ उचलतो आणि ‘उंच’ हे विशेषण जसेच्या तसे राहते. कोकणीत ‘म्हजेपरस’ म्हणताना ‘परस’ हेच काम करते. हवे तर आपण ‘जास्त उंच’ म्हणतो, पण ते सक्तीचे नाही. इंग्रजीत मात्र ‘दॅन’ एकट्याने भागत नाही. विशेषणालाही तुलनेचे रूप घ्यावेच लागते, आणि तेही एकदाच. ‘पेक्षा’च्या सवयीने मुले ‘टॉल दॅन मी’ लिहितात आणि ‘जास्त’च्या सवयीने ‘टॉलर’च्या आधी ‘मोअर’ ठेवतात. नियमांची यादी पाठ करून घेण्याआधी हा फरक मुलीला मराठी वाक्यावरून दाखवावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. तिला त्यासाठी रागावू नये. सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्रज लेखकही अशी दुहेरी रूपे सर्रास वापरत, आणि पुढे अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी ती त्याज्य ठरवली.

आता नियम. तो डोळ्यांनी नव्हे, कानांनी लावायचा असतो, कारण शब्दातील अक्षरे मोजायची नसून उच्चारले जाणारे स्वर मोजायचे असतात. ‘स्ट्राँग’ लिहायला लांबलचक असला तरी त्यात स्वर एकच आहे, म्हणून ‘स्ट्राँगर’. दोन स्वरांचा शब्द ‘हॅपी’ किंवा ‘ईझी’प्रमाणे वाय या अक्षराने संपत असेल, तर वायचा आय होऊन ‘हॅपिअर’, ‘ईझिअर’ अशी रूपे होतात. ‘नॅरो’ आणि ‘सिंपल’ यांनाही ‘अर’ चालतो. परंतु ‘केअरफुल’, ‘यूजलेस’, ‘फेमस’ अशा प्रत्यय लागलेल्या शब्दांना आणि ‘टायर्ड’, ‘बोअर्ड’ यांसारख्या क्रियापदांवरून आलेल्या शब्दांना ‘मोअर’च लागते. तीन किंवा अधिक स्वर असतील, तर बहुधा ‘मोअर’. ‘अनहॅपी’चे ‘अनहॅपिअर’ होते, कारण मूळ शब्द ‘हॅपी’ आहे. ‘क्वाएट’, ‘कॉमन’, ‘क्लेव्हर’ यांची दोन्ही रूपे आढळतात, तेव्हा तिथे मुलांचे गुण कापू नयेत.

सरावासाठी आपलेच राज्य घ्या. गोव्याचे क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर आणि सिक्कीमचे 7,096, म्हणून ‘गोवा इज स्मॉलर दॅन सिक्कीम’. पण 2011च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांहून अधिक आणि सिक्कीमची सुमारे सहा लाख दहा हजार होती, म्हणून ‘गोवा इज मोअर पॉप्युलस दॅन सिक्कीम’. एकाच जोडीत दोन्ही रूपे आली की मुलांना ‘स्मॉल’ आणि ‘पॉप्युलस’ यांतील फरक कानाने कळतो.

स्पेलिंगची एक गोष्ट राहते. ‘बिग’, ‘हॉट’, ‘थिन’ यांत एकाच स्वराक्षरानंतर एकच व्यंजन येते, म्हणून ते दुप्पट होऊन ‘बिगर’मध्ये दोन जी आणि ‘हॉटर’मध्ये दोन टी येतात, ‘चीप’मध्ये स्वराक्षरे दोन आहेत आणि ‘कोल्ड’मध्ये शेवटी व्यंजने दोन आहेत, म्हणून तिथे दुप्पट होत नाही. ‘गुड’चे ‘बेटर’, ‘बॅड’चे ‘वर्स’ आणि ‘फार’चे ‘फार्दर’ किंवा ‘फर्दर’ ही रूपे पाठच करावी लागतात.

‘मोअर सॅड दॅन अँग्री’ बरोबर आहे. तिथे दोन व्यक्तींची तुलना नसून एकाच व्यक्तीच्या दोन भावनांची आहे; ‘रागापेक्षा दुःखच जास्त’ असा त्याचा अर्थ. अशा रचनेत शब्द कितीही लहान असला तरी ‘मोअर’ लागते.

प्रश्न : कार्यालयीन पत्रात ‘सीनिअर दॅन मी’ लिहावे की ‘सीनिअर टू मी’?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ‘सीनिअर टू मी’ लिहावे. सीनिअर, ज्युनिअर, सुपिरिअर, इन्फिरिअर हे शब्द लॅटिनमधून तुलनेचे रूप घेऊनच इंग्रजीत आले आहेत, त्यामुळे त्यांना ‘अर’ लागत नाही आणि त्यांच्यापुढे ‘दॅन’ऐवजी ‘टू’ येते. आजच्या इंग्रजीत ‘अ मोअर सीनिअर ऑफिसर’ असा प्रयोग रूढ आहे आणि तो अशुद्ध मानला जात नाही. मात्र सेवाज्येष्ठतेसंबंधीच्या पत्रात ‘टू’ असलेली साधी रचनाच ठेवावी.