रिव्हॉल्वर घेताय? आधी चाप ओढून पाहा

परवाना हातात पडला की खरे प्रश्न सुरू होतात. मराठवाड्यातल्या वाचकांनी विचारलेल्यांपैकी काही इथे घेतले आहेत. परवाना नसलेल्यांनी आधी अर्जाचं बघावं, मग हे वाचावं.

प्रश्न : उदगीरला माझं अडतीचं दुकान आहे. परवाना मिळाला. दुकानदार ‘निर्भीक’ दाखवतो, मेव्हणे म्हणतात ‘प्रबल’ घ्या, मोंढ्यातली मंडळी म्हणतात कानपूरचं जुनं मॉडेलच दणकट. काय घेऊ?

दादा, आपल्याकडे निवड फार नाही, हे आधी मान्य करू. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही. त्यामुळे अमेरिकन रिव्हॉल्वरचे व्हिडिओ करमणूक म्हणून बघा. .38 आणि 9 मिमी हे बोअर (नळीच्या आतलं माप) सामान्य परवान्यावर प्रतिबंधित. मग व्यवहारात उरतं .32. याचं काडतूस 1896 सालचं, स्मिथ अँड वेसनने आणलेलं, म्हणजे सव्वाशे वर्षं जुनं. ताकदीला बेताचं, पण झटका कमी. नवशिक्याला ते बरंच.

आता तुमची तीन नावं. जुनं मॉडेल म्हणजे ‘मार्क 3’. इंग्रजांच्या वेब्लीवरून उतरवलेलं, मधून मोडून उघडणारं. उघडलं की सहाही पुंगळ्या एकदम वर येतात. वजन साधारण 700 ग्रॅम. ‘निर्भीक’ 2014 मध्ये आलं. तेही मोडून उघडणारं, पण टायटॅनियम मिश्रधातूचं, 500 ग्रॅमचं. तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. ‘प्रबल’ ऑगस्ट 2023 मधलं. त्याची चक्री (काडतुसं बसतात तो फिरता गोल भाग) बाजूला उघडते, नळी 76 मिमीची, वजन काडतुसांशिवाय 675 ग्रॅम. ही सगळी कानपूरचीच. 2021 मध्ये आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, त्यातल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’कडे हे काम आलं. यात चौथं नाव वेब्ली अँड स्कॉटचं. हे आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे बनतं.

‘प्रबल’चा पल्ला 50 मीटर असल्याची जाहिरात झाली. त्यावर जाऊ नका. दुकानात, गल्लीत, शेताच्या वाटेवर जे घडतं ते चार-पाच पावलांवर घडतं. शिवाय समोरचा 50 मीटरवर असेल तर स्वसंरक्षण म्हणजे तिथून निघून जाणं. पुढे कोर्टातही तेच विचारतील.

निवड ठरते ती चापावर. डबल अ‍ॅक्शनमध्ये नुसता चाप ओढला की घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा हातोडा) मागे जातो, चक्री फिरते आणि घोडा आपटतो. ही तिन्ही कामं एका बोटाने करायची. म्हणून तो चाप साधारण पाच किलोच्या पुढे जातो. पाच किलो ज्वारीची पिशवी एका बोटाने उचलून बघा आणि मग त्याच वेळी नळी हलू न देता नेम धरायचा आहे हे लक्षात घ्या. अंगठ्याने घोडा आधी चढवला (सिंगल अ‍ॅक्शन) तर चाप निम्म्याहून हलका होतो. पण घाबरलेल्या हातात घोडा चढवलेलं हलक्या चापाचं शस्त्र सगळ्यांत धोक्याचं. तेव्हा खरेदी करायची ती डबल अ‍ॅक्शनचा चाप पारखूनच.

दुकानात शस्त्र रिकामं आहे हे स्वतः बघा, दुकानदाराला विचारा, भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरा आणि सलग वीस वेळा चाप ओढा. ओढ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी हवी, मध्येच अडकून झटक्याने सुटणारी नको. घोडा पडताना पुढची माशी (नेम धरायचा नळीवरचा उंचवटा) किती हलते ते पाहा. एकाच मॉडेलच्या दोन नगांचे चाप वेगळे निघतात, म्हणून दुकानात असतील तेवढे नग काढायला लावा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या, पैसे तुमचे आहेत.

माझं मत विचाराल तर गल्ल्यापाशी ठेवायचं असेल तर वजनाची काळजी कशाला? ‘प्रबल’ किंवा ‘मार्क 3’, ज्याचा चाप गुळगुळीत ते घ्या. ‘निर्भीक’ त्याने घ्यावं, ज्याला ते दिवसभर कमरेला वागवायचं आहे. ‘प्रबल’ घेतलंत तर चक्री हाताने दाबून बंद करा. सिनेमातल्यासारखी मनगटाच्या झटक्याने बंद केली की तिचा दांडा आणि कुलूप लवकर खराब होतं.

प्रश्न : अंबाजोगाईला माझा दवाखाना आहे, रात्री-अपरात्री जावं लागतं. हात लहान आहे, .32 चा चाप जड जातो. ‘निडर’ घ्यावं का?

ताई, ‘निडर’ .22 चं, ईशापूर रायफल फॅक्टरीचं, अवघं 250 ग्रॅम, आठ गोळ्यांचं. पर्समध्ये मावतं, म्हणून मोह होतो. पण .22 च्या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असतो, मधल्या टोपीत नाही. ती कड चेचायला घोडा जोरात आपटावा लागतो, म्हणून लहान शस्त्र असूनही चाप हलका होईलच असं नाही. आणि या जातीची काडतुसं फुसकी निघण्याचं प्रमाण जास्त. रिव्हॉल्वर असल्याने पुन्हा चाप ओढला की पुढचं काडतूस समोर येतं, हा दिलासा आहेच.

मी म्हणेन, आधी मूठ बघा. अंगठ्यामागची खळगी दस्त्याच्या माथ्याला भिडवून धरल्यावर तर्जनीच्या पहिल्या पेराची घडी चापावर पोचते का? पोचत असेल तर ताकद दोन महिन्यांत येते. घरी नकली काडतुसं (स्नॅप कॅप) घालून रोज थोडा वेळ सराव करा. खरी काडतुसं त्या खोलीत नकोत. .22 वर मात्र त्या मापाच्या नकली काडतुसाशिवाय रिकामा चाप ओढू नका, घोड्याची सुई चक्रीच्या कडेवर आपटून ती बिघडते. पेर पोचतच नसेल तर पातळ दस्ता बसतो का विचारा. घोड्याची स्प्रिंग कापून चाप हलका करून देणारा कारागीर भेटेल, त्याला नमस्कार करून निघा. चाप हलका होतो, पण काडतूस पेटत नाही.

आणखी एक. दुसरा हात आधाराला लावताना बोटं चक्रीच्या पुढे जाऊ देऊ नका. चक्री आणि नळी यांच्या फटीतून तापलेला वायू बाहेर पडतो, बोट भाजतं.

प्रश्न : परभणीत ओळखीच्या परवानाधारकाचं वापरलेलं .32 निम्म्या किमतीत मिळतंय. घ्यावं का?

घ्या, पण बघून. रिकामं असल्याची खात्री करा. घोडा चढवा, तो अंगठ्याने धरून चाप ओढा आणि घोडा हळूच खाली सोडा. चाप दाबलेलाच ठेवून चक्री हलवून पाहा. किंचित हालचाल चालते, खडखड नको. चक्रीतल्या सहाही घरांवर (काडतुसांच्या खणांवर) हेच करा, कारण एखादंच घर नळीसमोर नीट येत नाही आणि मग शिशाचा बारीक चुरा बाजूला उडतो. घोडा चढवलेला असताना मागून अंगठ्याने दाबा, तो सुटता कामा नये. नळीत उजेड पाडून पाहा. आतून कुठे गोल कड्यासारखी सावली दिसली तर अडकलेल्या गोळीमागून दुसरी झाडली गेली होती, नळी फुगली आहे. असं शस्त्र फुकट दिलं तरी नको. मोडून उघडणाऱ्यात बिजागरी आणि वरची खिट्टी ढिली आहे का, तेही बघा.

व्यवहार हातोहात होत नाही. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवायचं, 45 दिवस जाऊ द्यायचे, मग द्यायचं. नोंद दोघांच्याही परवान्यावर हवी.

काडतुसं घेताना ‘.32 रिव्हॉल्वर’ असंच मागा. .32 पिस्तुलाचं काडतूस वेगळं, आखूड असतं. आकडा सारखा म्हणून गल्लत होते.

प्रश्न : वडील 72 वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे इंग्लंडची जुनी .32 वेब्ली आहे. त्यांच्या हयातीत माझ्या नावावर होईल का? (जालना)

होऊ शकतं. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक 70 वर्षांचा झाला, किंवा शस्त्र बाळगून 25 वर्षं झाली, तर कायदेशीर वारसाला अर्ज करता येतो. तुमचा स्वतंत्र परवाना लागेल, चौकशी होईल, सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागेल. छत्रपती संभाजीनगर शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, तुमच्याकडे जिल्हाधिकारी कार्यालयात. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात, तेव्हा घरात बारा बोअरची बंदूक असेल तर तीही धरा.

वापराचं म्हणाल, तर जुन्या रिव्हॉल्वरमध्ये घोड्याला अडवणारा सुरक्षा तुकडा शाबूत आहे की नाही हे जाणत्याकडून तपासून घ्या. तोवर घोड्याखालचं घर रिकामं ठेवा.

पेटीच्या तळाशी रझाकारांच्या काळातलं, कागद नसलेलं काही सापडलं, असंही दोघा-तिघांनी विचारलं आहे. ते आठवण म्हणून ठेवता येत नाही. वकिलाला सोबत घ्या आणि ठाण्यात जमा करा.

प्रश्न : हिंगोलीकडे रानडुकरं हरभरा ठेवत नाहीत. रिव्हॉल्वर चालेल का?

नाही. .32 ने रानडुक्कर फक्त जखमी होईल आणि जखमी डुक्कर तुमच्यावर येईल. शिवाय वनविभागाच्या परवानगीशिवाय मारलं तर गुन्हा. पीकसंरक्षणाचा परवाना वेगळा असतो, तो बंदुकीसाठी मागा.

प्रश्न : बीडमध्ये परवाने रद्द झाल्याचं वाचलं. आमचा सुरक्षित राहावा म्हणून काय पाळायचं?

2025 च्या सुरुवातीला तिथे प्रशासनाने परवान्यांची फेरतपासणी केली आणि बरेच रद्द केले. वरातीत हवेत बार काढणं आता थेट कायद्यात आहे : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कमरेला लावून काढलेले फोटो टाकणंही बंद करा. निवडणुकीत जमा करण्याचा आदेश आला तर वेळेत ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात द्या आणि पावती जपा. नूतनीकरण पाच वर्षांनी येतं, म्हणून हमखास विसरतं. तारीख परवान्याच्या पाकिटावरच मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

घरी रिव्हॉल्वर कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. आणि पावसाळ्यात ते कातडी म्यानात ठेवू नका, कातडं ओल धरतं. पुसून, तेलाचा हलका हात फिरवून कोरड्या सुती कापडात ठेवा.