‘कालेवाला’तला ‘वाला’ कोण?

फिनलंडच्या महाकाव्याचं नाव ‘कालेवाला’. त्यातला ‘वाला’ आपल्या दूधवाल्या-भाजीवाल्याचा कुणी लागतो का, असा प्रश्न आहे. नाही लागत. शब्द भलत्या जागी तोडला की अशी गफलत होते. फोड काले-वाला नाही, कालेवा-ला अशी आहे. कालेवा हा दंतकथेतला मूळपुरुष आणि ‘ला’ म्हणजे ठिकाण. म्हणून कालेवाची भूमी.

हा ‘ला’ फिनिश भाषेत आजही रोजच्या वापरातला. काहवी म्हणजे कॉफी, काहविला म्हणजे ती प्यायची जागा. राविंतो म्हणजे पोषण, राविंतोला म्हणजे खानावळ. मात्ती हे पुरुषाचं नाव, त्याचं घर ते मात्तिला, आणि हेच आडनावही. आपल्या धर्मशाळा-पाठशाळेतल्या ‘शाळे’सारखाच म्हणा ना, फक्त शाळा एकटी उभी राहते, ‘ला’ला ते जमत नाही.

पुस्तकाला हे नाव दिलं एलियास ल्यॉनरूत यांनी (१८०२-१८८४). साम्मात्ती गावच्या शिंप्याचा मुलगा, पेशानं डॉक्टर. फिनलंडमधल्या कायानी गावी सरकारी डॉक्टरकी करता करता सवड काढून फिनलंड-रशिया सीमेवरच्या कारेलिया प्रदेशात पायपीट करायची आणि म्हाताऱ्यांच्या तोंडची गाणी उतरवून घ्यायची, हा त्यांचा नाद. १८३४ मध्ये आर्हिप्पा पेर्त्तुनेन नावाच्या वृद्ध गायकाजवळ ते तीन दिवस लिहीत बसले होते. आपले वडील मासेमारीला गेले की शेकोटीशी सोबत्याचा हात हातात धरून रात्ररात्र गायचे, असं आर्हिप्पांनी त्यांना सांगितलं. अशा गाण्यांची सांधेजोड करून १८३५ मध्ये ‘कालेवाला’ आलं. १८४९ च्या वाढीव आवृत्तीत ५० सर्ग आणि २२,७९५ ओळी आहेत. स्वतःच्या ओळी त्यांनी फार थोड्या घातल्या. त्यांना कवी म्हणावं की संकलक, हा वाद त्यामुळेच. मी कवीच म्हणेन. ओळी लोकांच्या असल्या तरी कथा त्यांनी बांधली.

शब्द घडवण्यातही हात चांगला. कूमा म्हणजे गरम. त्यावरून त्यांनी अंगातल्या तापाला ‘कूमे’ शब्द केला. आपल्या ‘तापणे’-‘ताप’सारखंच की! पुढे ते हेलसिंकीत फिनिशचे प्राध्यापक झाले आणि दोन लाखांहून जास्त शब्दांचा फिनिश-स्वीडिश कोश केला.

लिहिताना ‘कलेवला’ नको, ‘कालेवाला’च लिहावं, फिनिशमधला ‘a’ आपल्या ‘आ’जवळचा, फक्त आखूड. आणि उच्चारताना जोर पहिल्या ‘का’वर द्यावा, म्हणजे दूधवाला आपोआप मागे पडतो.